गुळगुळीतपणाची नीती

आपल्या भाषेने गुळगुळीतपणाविषयी कधीच एक मत दिलेले नाही. एखाद्या लेखकाची शैली घोटीव आहे असे म्हटले की ती स्तुती होते. परंतु एखादा गृहस्थ फार गुळगुळीत बोलतो असे कानी आले की ऐकणारा नकळत आपला खिसा चाचपून पाहतो. घासूनपुसून लख्ख केलेली तांब्यापितळेची भांडी हे नेटक्या घराचे लक्षण. आणि तरीही ‘वरवरचा मुलामा’ ह्या दोन शब्दांत जी तुच्छता साठलेली आहे, ती दुसऱ्या फारच थोड्या शब्दांत सापडेल. मुलामा आणि घोटाई ह्या दोन क्रिया वस्तुतः अगदी उलट आहेत. एकीत काही तरी चढवावयाचे असते, दुसरीत काही तरी उतरवावयाचे असते. दोहोंचे दृश्य फळ मात्र एकच, चकाकी. आणि ह्या एका फळावरूनच बहुतेक लोक दोन्ही झाडे ओळखू पाहतात. हा घोटाळा केवळ शब्दांचा असता तर आम्ही त्याच्या वाटेस गेलो नसतो. पण तो बाजारात रोज पैशाने, आणि क्वचित माणसाच्या श्वासानेही, चुकता होत असतो. मोटारीच्या ताज्या रंगाची घोटाई करणाऱ्या कारागिराच्या धंद्यात तो जितका उघडा दिसतो तितका दुसरीकडे दिसत नाही, म्हणून आजच्या विचारासाठी आम्ही तोच धंदा निवडला आहे.

स्थळ नगर. ह्या शहराचे व जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. तथापि तिकडील माणूस पूर्वीही ‘नगरला जातो’ असेच म्हणे व आजही तसेच म्हणतो, म्हणून आम्हीही तोच संक्षेप चालवतो. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. हवा कोरडी, वारा मोकळा आणि धूळ मुबलक. रंग वाळण्यास ही हवा उत्तम, आणि तो बिघडण्यासही हीच उत्तम. मोठ्या कारखान्यांत गाळलेल्या हवेच्या बंद खोलीत जे काम होते, ते येथील लहान गॅरेजांत पत्र्याच्या छपराखाली, समोर ताडपत्री सोडून व जमिनीवर पाणी शिंपडून केले जाते. पाणी शिंपडले तरी एखाददुसरा कण उडतोच, आणि ओल्या रंगावर बसला की तेथेच कायमचे बिऱ्हाड करतो.

धूळ नसती तरी रंग आपण होऊन सपाट बसला नसताच. फवाऱ्यातून उडालेले थेंब पत्र्यावर पडून एकमेकांत पुरते मिसळण्याच्या आधीच घट्ट होऊ लागतात, आणि वाळल्यावर तिरप्या उजेडात पाहिले तर पृष्ठभाग बारीक उंचसखल दिसतो. रंगारी ह्या दोषाला इंग्रजीतूनच ‘ऑरेंज पील’ म्हणतात; संत्र्याची साल ज्याने न्याहाळली आहे त्याला अधिक सांगावयास नको. म्हणून कारागीर थांबतो. आधी खळग्यांत लांबी भरून झालेली असते, ती घासून झालेली असते, अस्तराचा हात, रंगाचे हात आणि शेवटी वरचा पारदर्शक थर, सारे चढलेले असते. तो थर पुरता घट्ट झाला म्हणजे वॉटरपेपर बादलीत भिजत पडतो. रबराच्या ठोकळ्याला तो गुंडाळून, पाण्यात साबणाचे दोनचार थेंब टाकून, आधी १५०० नंबरचा, मग २००० चा, आणि हौशी गिऱ्हाईक असेल तर ३००० चा, असा क्रम चालतो. ह्या वेळी गाडीचे जे रूप होते ते मालकाने न पाहिलेलेच बरे. कालपर्यंत चमकत असलेली ती किमती वस्तू राखेने माखल्यासारखी मलूल दिसते. कारागिराचे लक्ष मात्र गाडीकडे नसून वाहणाऱ्या पाण्याकडे असते. पाणी दुधाळ पांढरे आहे तोवर तो निश्चिंत असतो, कारण त्याचा हात अजून पारदर्शक थरातच आहे. त्या पाण्यात गाडीचा रंग उतरू लागला की जाणावे, थर फाटला. तेथे मग घोटाईचा उपाय उरत नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो. हे सारे निभावले म्हणजे कटिंग पॉलिश लावून फिरत्या यंत्राची लोकरीची गादी, तिच्यामागून स्पंजाची मऊ गादी, आणि मग हळूहळू त्या राखेतून छपराचा पत्रा, समोरचे लिंबाचे झाड आणि कारागिराचा स्वतःचा चेहरा उमटू लागतो.

ह्या सर्व खटाटोपाला भांडवल किती असते ते पाहण्यासारखे आहे. वरचा पारदर्शक थर सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन. कारखान्यातून आलेल्या गाडीवर अस्तरापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉनच्या घरात भरतात. म्हणजे केसाहून पातळ अशा एका पडद्यातून हा सपाटपणा कोरून काढावयाचा असतो. प्रत्येक घोटाईत त्यातले थोडे पाण्याबरोबर वाहून जाते आणि जे गेले ते परत येत नाही. कडांवर व उंचवट्यांवर रंग आधीच पातळ बसतो, म्हणून जाणता कारागीर तेथे चिकटपट्टी लावून ठेवतो, म्हणजे घाईत हात गेला तरी कड वाचते.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. घोटाईने चरे नाहीसे होतात असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. २००० नंबरच्या कागदावरचा कण सुमारे १० मायक्रॉनचा असतो. तो आधीच्या मोठ्या चऱ्यांच्या जागी आपले लहान चरे पाडतो. त्याच्या चऱ्यांवर पॉलिशमधील अधिक बारीक कण आणखी बारीक चरे पाडतात. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉनच्या दरम्यान असते; चरे तिच्या मानाने क्षुद्र झाले की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो, आणि आपण म्हणतो की पृष्ठभाग आरशासारखा झाला. कोणी म्हणेल, मग हा निव्वळ भ्रमच झाला! आम्हांस तसे वाटत नाही. परतणारा प्रकाश खराच सरळ परततो. त्यात कोणी कोणाला फसवलेले नाही. माणसाच्या सभ्यतेचीही हीच गोष्ट आहे. दिवसभर दमूनभागून घरी आलेल्या गृहस्थाला दारात पाहुणा दिसताच मनात त्रास होत नाही असे नाही. पण अनेक वर्षांच्या वळणाने तो त्रास इतका बारीक झालेला असतो की पाहुण्याला ओरखडा उठत नाही. त्या गृहस्थाला दांभिक म्हणणारे लोक आहेत, आणि मोकळेपणाच्या नावाखाली त्यांची संख्या वाढत चालली आहे असे दिसते; आम्ही मात्र त्याला सुसंस्कृत म्हणू.

परंतु चकाकीचा दुसराही एक मार्ग आहे. तेलकट किंवा मेणाळ असे काही पदार्थ मिळतात की जे चऱ्यांत भरून बसतात. दिवसाचे काम घटकाभरात होते. गाडी दोनचार वेळा धुतली, एक पावसाळा अंगावर घेतला, की भरण निघून जाते आणि चरे होते तेथेच असतात. जुनी गाडी विकण्याच्या आदल्या दिवशी ह्या विद्येला मोठी मागणी असते हे सांगणे नकोच. येथवर नीती सोपी दिसते: घालवणे प्रामाणिक, झाकणे अप्रामाणिक. पण हे इतके सोपे असते तर लेख येथेच संपवता आला असता.

कारण घालवणेही नेहमी निष्पाप नसते. तो पारदर्शक थर केवळ शोभेसाठी नाही. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणे हे त्याचे खरे काम. घोटून घोटून तो पातळ केला तर गाडी आज अधिक सुंदर दिसते आणि काही वर्षांनी तिच्या टपावर व बोनेटवर साल निघू लागते. तोवर ती गाडी बहुधा दुसऱ्याच्या दारी गेलेली असते. म्हणजे चकाकी भोगली एकाने आणि तिची किंमत मोजली दुसऱ्याने. ह्यात खोटे असे काहीच बोलले गेले नाही, काही झाकलेही गेले नाही. तरी एका अनोळखी माणसाच्या वाट्याचे काही मायक्रॉन आज खर्चून टाकले गेले, हे नाकारता येत नाही. जमिनीचा कस, विहिरीचे पाणी, मुलांच्या नावचे कर्ज अशा कितीतरी गोष्टींत आपण नेमके हेच करीत असतो. पण तेथील चकाकी इतकी जवळून पाहता येत नाही, म्हणून मन लागत नाही.

झाकणे म्हणजे पाप हा दुसरा सिद्धांतही नगरातच डळमळतो. तेथे रणगाडा दलाचे मोठे शिक्षणकेंद्र आहे, आणि १९९४ पासून रणगाड्यांचे एक संग्रहालय आहे. त्यात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली एक रोल्स-रॉइस चिलखती मोटार ठेवली आहे. सिल्व्हर घोस्ट हे नाव १९०७ साली एका रुपेरी रंगाच्या, चांदीचा मुलामा दिलेल्या साजाच्या गाडीवरून पडले. तिची चाल आवाजरहित आणि कांती झळझळीत, म्हणून ते चंदेरी भूत. त्याच जातीच्या गाडीला युद्धात जावे लागले तेव्हा पोलादाचे कवच आणि मंद, निस्तेज रंग पत्करावा लागला. लष्करी वाहनाचा रंग मुद्दाम खरखरीत ठेवतात; प्रकाश विखुरला पाहिजे, परतता कामा नये, कारण क्षणभराची चमकही वैऱ्याला ठिकाण दाखवते. मौज अशी की येथे सर्व उलटे झाले. चकाकी येथे सत्य सांगते, आणि फसवण्याचे काम खरखरीतपणाकडे आहे. आणि त्या फसवणुकीला कोणीही शहाणा माणूस दोष देणार नाही.

ह्यावरून आम्ही एवढेच म्हणतो की लबाडी ना गुळगुळीतपणात आहे ना खरखरीतपणात. रखरखीत बोलणारे कित्येक लोक आपल्या रखरखीतपणाचे लष्करी रंगासारखेच आवरण करतात. ‘आम्ही बुवा स्पष्टवक्ते’ अशी सुरुवात करून जो मनुष्य दुसऱ्याचे दोष मोजू लागतो, तो स्वतःचे कोणते दोष त्या धुरळ्यात लपवीत आहे हे पाहण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी. पुष्कळ करमणूक होईल.

तेव्हा प्रश्न पदार्थाचा नसून नात्याचा आहे. आपण कोणासमोर उभे आहो, आणि तो आपल्या शब्दावर किती विसंबून आहे? नगर जिल्ह्यात हा प्रश्न मोटारीच्या पुष्कळ आधी बैलाच्या निमित्ताने विचारला गेला आहे. काष्टी, घोडेगाव येथील जनावरांचे बाजार प्रसिद्ध आहेत. बैल बाजारात आणण्यापूर्वी त्याची शिंगे साळून गुळगुळीत करावयाची, त्यांना रंग द्यावयाचा, अंगावरून तेलाचा हात फिरवावयाचा, ही जुनी रीत. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण साळलेले शिंग घेणारालाही कळते, आणि तो शिंगाकडे न पाहता दात पाहतो. परंतु बैलाला खोड असेल, तो मारका असेल किंवा जुंपल्यावर बसत असेल, तर ते सांगावे की न सांगावे?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७ व्या कलमात ह्याच जातीचे उदाहरण आहे. तेथे फक्त बैलाऐवजी घोडा आहे. सदोष घोडा लिलावात विकताना विकणारा गप्प राहिला तर ते कपट नव्हे, असे कायदा म्हणतो. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की ‘तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन,’ तर मग मौन हेच भाषण होते. कायद्याची पुस्तके रूक्ष असतात अशी तक्रार करणारांनी हे कलम वाचावे. आमच्या मते विकाऊ गाडीवरची नवी चकाकी ही विकणाराच्या मौनाला तटस्थ राहू देत नाही. वाकलेल्या पत्र्यात लांबी भरून, रंग देऊन, घोटून आरसा केलेला दरवाजा हा स्वतःच बोलत असतो. ‘मला कधी धक्का लागलेला नाही’ असे तो म्हणतो, आणि मालक शेजारी उभा राहून नाही म्हणत नाही. त्याच कलमात जाणूनबुजून केलेले लपवणे कपटातच मोडते असेही लिहिलेले आहे. पण कायद्याची मर्यादा कोठे पडते हा वकिलांचा विषय, आम्ही माणसामाणसातल्या हिशेबाविषयी बोलत आहो.

हा वाद फार जुना आहे. रोमन पंडित सिसरो ह्याने इसवी सनापूर्वी ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात दुष्काळी ऱ्होड्स बेटावर अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेल्या एका व्यापाऱ्याचे उदाहरण आहे. मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने सांगावे काय? डायोजेनीस म्हणतो, कायदा जेवढे मागतो तेवढे सांगावे. अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगावे. सिसरो सांगण्याच्या बाजूने पडला. आम्हीही त्याच बाजूचे, परंतु सर्व म्हणजे किती ह्याची एक कसोटी ठेवावी असे सुचवतो. घेणाराला कळल्यानंतरही जी चकाकी त्याला चकाकीच वाटेल, तिच्याविषयी न सांगता चालेल. जी कळताच त्याच्या दृष्टीने काळवंडेल, तिच्याविषयी सांगितलेच पाहिजे. रंगात बसलेला धुळीचा कण घासून काढला, हे ऐकून कोणी गाडी नाकारणार नाही. सांगाडा वाकला होता हे ऐकून नाकारील. म्हणून पहिल्याची कबुली नको, दुसऱ्याची हवी.

ह्यावर एक अवघड आक्षेप येतो. घेणारा दुराग्रही असेल तर? दरवाजा नुसता खरचटला होता, काम चोख झाले आहे, गाडी उत्तम आहे. तरी ‘रंग फिरवलेली’ हा शब्द ऐकताच तो पाठ फिरवतो. त्याच्या दुराग्रहाचा भुर्दंड विकणाराने का सोसावा? गाडीच्या बाबतीत आम्ही म्हणू, सोसावा. पैसा त्याचा, मग त्यासोबतचा मूर्खपणाही त्याचाच. शिवाय आता रंगाची जाडी मोजणारे यंत्र हातात घेऊन पारखी येतात. कारखान्याच्या रंगाचे शंभर-दीडशे मायक्रॉन जेथे हवेत तेथे लांबीमुळे पाचशे-हजार भरले की बोलणेच खुंटते. दुसरी एक गंमत अशी की कारखान्यातल्या मूळ रंगावरही ती संत्र्याची साल थोडीफार असतेच. म्हणून सगळ्या गाडीत एकच दरवाजा आरशाहून सपाट दिसला तर जाणत्याचा संशय तेथेच प्रथम जातो.

परंतु हीच कसोटी उचलून माणसांना लावू गेल्यास अनर्थ होईल, आणि मध्यमवर्गीय घरांत ती रोज लावली जाते. स्थळे पाहताना मुलीला किंवा मुलाला पूर्वी झालेला व पूर्ण बरा झालेला एखादा आजार, मनाने खचलेले एखादे वर्ष, मोडलेली एखादी सोयरीक, हे ‘सांगावे की नाही’ ह्याची चर्चा वडीलधारी मंडळी आतल्या खोलीत करतात, आणि ज्याचे ते आयुष्य त्याला बाहेर चहा नेण्यास पाठवतात. एक पक्ष म्हणतो झाका, दुसरा म्हणतो सारे आधीच सांगून मोकळे व्हा. दोन्ही पक्ष त्या व्यक्तीला गाडी समजतात. गाडीचा पूर्वेतिहास विकणाराच्या मालकीचा असतो म्हणून त्याने सांगावयाचा. माणसाचा पूर्वेतिहास त्याने स्वतः सोसलेला असतो, म्हणून तो सांगण्याचा अधिकार व जबाबदारी दोन्ही त्याचीच. ज्याच्याशी संसार करावयाचा त्याच्याशी ते मौन कायमचे ठेवणे आम्ही योग्य म्हणणार नाही; परंतु मध्यस्थाने ते परस्पर चव्हाट्यावर मांडणे हे तर सचोटीच्या नावाखाली केलेले क्रौर्य आहे.

चकाकीच्या किमतीतला एक आकडा अजून मांडावयाचा राहिला, आणि तो बहुतेकदा राहतोच. घोड्याच्या बग्ग्यांच्या काळी वार्निशाचे हात देऊन व घोटून रंग पुरा होण्यास आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूको हा झटपट वाळणारा रंग मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. पण तो वाळताना मंद दिसे; चमक हवी तर घासून काढावी लागे. कोरडे घासले की धूळ उडे, आणि त्या काळच्या रंगांत शिसे असे. फ्रान्सिस ओकी नावाच्या शाईवाल्याने शोधलेला, पाण्यातही न सुटणारा पॉलिशकागद १९२१ साली बाजारात आला होता, तो ह्या कामी आला. पाण्याने रंग अधिक सपाट झाला ही एक गोष्ट. घासणाराच्या छातीत जाणारी धूळ बादलीत राहिली ही आमच्या मते अधिक मोठी. आजच्या दोन द्रव्ये मिसळून फवारण्याच्या रंगात आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. फवारा श्वासावाटे आत गेला तर त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. कित्येक लहान गॅरेजांत तोंडाला रुमाल असतो. आरशासारख्या बोनेटात आपला चेहरा पाहणाऱ्या गिऱ्हाईकाला तो रुमाल दिसत नाही, आणि हे झाकणे कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाही.

गिऱ्हाईकाची घाई ही ह्या धंद्यातली खरी सत्ता आहे. ताज्या रंगातले द्रव उडून जाण्यास वेळ लागतो. तो लवकर घोटला तर आज चमकतो आणि नंतर आकसून पुन्हा मंदावतो. त्यावर मेण चढवावयाचे तर उघड्या हवेत वाळलेल्या रंगाला महिना-दोन महिने द्यावे असे जाणते सांगतात. पण दसरा तारखेने येतो. गाडी धुऊन, तिला झेंडूची माळ घालून पूजावयाची असते, आणि आठ दिवस आधी आणून सोडलेली गाडी त्या सकाळी दारात हवी असते. आदल्या रात्री कारागीर बोनेट उचलतो, आतल्या कडेला, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, नख टेकवून पाहतो. नखाची खूण उमटते. तो बोनेट खाली करतो आणि वॉटरपेपर भिजत घालतो.